एका माणसाची हिवाळ्याची यादी

खिडकीच्या फळीवरचा रेडिओ खर्रर्र करून खाकरला आणि तासभर जोजवून मिळवलेली घरातली शांतता फुटली. बाळ नुकतंच कुठे झोपलं होतं. हिल्काने आधी पाळण्याकडे पाहिलं, मग धावत जाऊन आवाज कमी केला. तेवढ्यात बाळाची मूठ उघडली, हवेत काहीतरी शोधून आली आणि पुन्हा मिटली. टेबलाखाली टिल्डा रिकाम्या डब्यांचं दुकान मांडून बसली होती. तिने तोंडावर बोट ठेवून रेडिओलाच दटावलं. "हिल्का, आहेस का गं?" तिकडून ऑर्व्हिलचा आवाज आला. ग्रे टर्नच्या बंद पडलेल्या कॅम्पवर आवराआवर करायला तो एकटाच मागे राहिला होता. "उद्या नऊचं विमान. शेवटचंच. तळ्याला कडेने बर्फाची साय धरायला लागलीय. तेच विमान मला घेऊन येईल आणि राखणदाराला इथे सोडून जाईल. त्याच्या सामानाची यादी करून ठेव. माणूस एक." ती म्हणाली, "यादी तर तुम्ही सांगता." ऑर्व्हिल हसला. खरखरीतून त्याचं हसणं गारा पडल्यासारखं ऐकू आलं. "या वेळी जेवणारा तुझ्याच घरात बसलाय ना बाई. त्यालाच विचार. आणि तंबाखू विसरू नकोस, नाहीतर म्हातारा मला शिव्या घालील."

जेवणारा मागच्या खोलीत होता. तिथून दोरीची गाठ आवळल्याचा, मग खोकल्याचा आवाज आला. बाबांचा खोकला आता घराच्या सवयीचा झाला होता. बाळसुद्धा त्याने दचकत नसे. एकतीस वर्षं ते गावाजवळच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दगड फोडत होते. त्या दगडाची धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली होती आणि डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून ती हिल्काला दाखवली होती, कोणी काचेवरचं दहिवर दाखवावं तशी. थंडीत एकटं राहायचं नाही, असं बजावलं होतं. जमलं तर दक्षिणेला जा, हवेत थोडी ओल असेल तिथे. आणि बाबा उद्या निघाले होते ते दोनशे मैल आणखी उत्तरेला, झाडंसुद्धा जिथे थांबतात त्याच्याही पलीकडे, सात महिने तंबू आणि पिंपं राखायला. डिसेंबरात तळ्यावर जाड बर्फ धरला की एक विमान उतरेल, तोवर कुणी नाही. आणि ते कशासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दक्षिणेला, थंडर बे गावात, आइनो आत्याच्या घराशेजारी एका विधवा बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं, परसात लाकडी सौना, वाफेने अंग शेकायची खोली. त्या बाईंनी वसंतापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. सात महिन्यांचा पगार म्हणजे त्या घराची पहिली रक्कम. मागच्या वर्षी जुलैपर्यंत बाबांकडे सगळीच रक्कम होती.

तिने ड्रॉवरमधून यादीची वही काढली. रेषा मारलेली, वर कार्बनचा निळा कागद. सहा वर्षं ती या वहीत दुसऱ्यांची भूक लिहीत आली होती. ड्वेनचा, तिच्या नवऱ्याचा, धंदाच तो: उत्तरेकडच्या कॅम्पना सामान पोचवायचं. कॅम्प रेडिओवर सांगायचे, ती लिहून घ्यायची, दुपारी दुकानांतून गोळा करायची, आणि ड्वेन ते धक्क्यावर नेऊन पाण्यावर उतरणाऱ्या विमानात भरायचा. गंमत म्हणजे हे काम करता करता माणसाला यादी वाचता येऊ लागते. ज्या दिवसांत हिऱ्यांचं वेड गावात शिरलं त्या दिवसांत सगळं यलोनाइफच काही ना काही वाचत होतं. न्हाव्याच्या दुकानातले लोक हेलिकॉप्टरच्या फेऱ्या मोजायचे. धक्क्यावरचा पोऱ्या कुठल्या कॅम्पला इंधनाची किती पिंपं गेली ते सांगून बिअर उकळायचा. कुणा भूगर्भवाल्याने अचानक दाढी केली तर बँकेतली बाई त्या कंपनीचे शेअर घ्यायची आणि सकाळी फोनवरून व्हँकुव्हरच्या दलालाला पकडायला रांग लावायची. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी एकदा म्हटलं होतं, देवाची वाणी सोडून तुम्ही हल्ली सगळं वाचता. लोक हसले होते, आणि बाहेर पडता पडता एकाने त्यांनाच विचारलं होतं, तुम्ही किती घेतलेत? छोट्या छोट्या कंपन्या, ज्यांच्यापाशी चार तंबू, एक छिद्र पाडायचं यंत्र आणि तळ्याच्या तळाशी असलेल्या एका गोल डागाचा नकाशा, एवढंच भांडवल. शेअर चाळीस सेंटचा, आणि मग एके दिवशी चार डॉलरचा.

हिल्काकडे याद्या होत्या. कुणाला सांगायच्या नसतात, असं ड्वेन म्हणे. पण डोळे तर मिटून घेता येत नाहीत. एका कॅम्पने दुधाची पावडर अर्ध्यावर आणली आणि महिन्याभरात तंबू उतरवले. दुसऱ्याने अचानक दगडाचे नमुने भरायच्या पिशव्या तिप्पट मागवल्या, त्याचा भाव तीन आठवड्यांत दुप्पट. दोन्ही वेळा ती बरोबर ठरली होती. दोन्ही वेळा तिने हात बांधून घेतले होते, आणि दोन्ही वेळा रात्री ड्वेन म्हणाला होता, "आपण म्हणजे जेवण वाढणारे, पंगतीला कधी बसणार?" म्हणून ग्रे टर्नचे आठ हजार शेअर त्यांनी एक डॉलर चाळीसने घेतले. ट्रकसाठी साठवलेले पैसे.  पोटात तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होतं, आणि का कोण जाणे, फोन ठेवल्यावर ते इतकं उसळलं होतं की तिला वाटलं, आतून कुणी दार ठोठावतंय.

मग जुलैतला तो बुधवार. सकाळची सातची वेळ, ग्रे टर्न कॅम्पचा तेव्हाचा प्रमुख लॉर्न रेडिओवर. नेहमीचा कोरडा माणूस, बटाटे म्हणतानासुद्धा घसा साफ करणारा. "स्टेक, चाळीस. जाड कापायला सांग." तिने लिहिलं. "केक तीन. स्ट्रॉबेरी, मिळेल तेवढी. बिअरच्या पेट्या सहा." तिचं पेन्सिल धरलेलं बोट थांबलं. तो कॅम्प कोरडा होता, दारूचा थेंब चालत नसे. "आणि आइसक्रीम," लॉर्न म्हणाला. "विरघळलं तरी चालेल." किती माणसं आहेत हे तिला पाठ होतं. सोळा. तिने वही मिटली, परत उघडली. चाळीस. ती सकाळ किती उजळ होती ते तिला अजून आठवत होतं. तळ्यावरून आलेलं ऊन भिंतीवर थरथरत होतं आणि टिल्डा, तेव्हा चार वर्षांची, त्या थरथरीला हाताने पकडत होती. हिल्काला वाटलं, हिरे सापडले. एवढं स्वच्छ तिला आयुष्यात कधी काही कळलं नव्हतं. आणि त्या स्वच्छ कळण्याच्या भरात तिने पहिला फोन केला तो बाबांना.

बाबांना खाणीकडून नुकसानभरपाई येऊन तीन आठवडे झाले होते. पस्तीस हजार. फुफ्फुसांचे पैसे, असं बाबा म्हणत, आणि म्हणताना छातीवर हात ठेवत, खिसा चाचपावा तसे. आत्याला पत्र गेलं होतं, शरद ऋतूत येतो म्हणून. "बाबा," ती म्हणाली होती, "ग्रे टर्नने चाळीस स्टेक मागवलेत." पलीकडे खुर्ची सरकली. मग, "माणसं किती?" "सोळा." "म्हणजे माणशी अडीच," बाबा म्हणाले. "खाणीत आम्हाला सोन्याची शीर लागली होती तेव्हासुद्धा एकेकच मिळाला होता." आणि ते हसले. तिने त्यांना घ्या म्हटलं नाही. हे ती नंतर स्वतःला पुष्कळदा सांगत आली. घ्या असं काही मी म्हटलं नव्हतं. पण भुकेल्यासमोर ताट ठेवून जेव म्हणायची गरज असते का?

रात्री ड्वेन म्हणाला, "दुपटीला पोचलाय. अर्धे विकून टाकू. आपले घातलेले पैसे बाहेर, उरलेले चार हजार फुकटात पळू देत." सगळे जाणते तेच करत. "पण चाळीस स्टेक," ती म्हणाली. "म्हणून तर उद्या गिऱ्हाईक मिळेल," ड्वेन म्हणाला. त्यात त्याचं काही वाईट नव्हतं. तो हिशेबी होता, एवढंच. गुरुवारी सकाळी तिनेच फोन केला, कारण फोन नेहमी तीच करी. चार हजार, दोन डॉलर पंच्याऐंशी. दलाल म्हणाला, बाजार उघडताच गेले, हातोहात. आता बाबांना कळवायला हवं, असं तिच्या मनात आलं होतं. येऊन गेलं होतं. टिल्डाला दूध हवं होतं, तिच्या स्वतःच्या पायांना सूज होती, फोनची तार टेबलाच्या पायात अडकली होती. आणि या सगळ्याच्या मागे, अगदी मागे, एक छोटी लाज उभी होती: सांगायचं कसं? तुम्हाला चाळीस स्टेक सांगितले आणि आम्ही अर्धे विकले? संध्याकाळी सांगू, असं ती मनाशी म्हणाली. पुढे शनिवार आला, रविवार आला. मंगळवारी कंपनीने पत्रक काढलं. दगड पोकळ. हिरे आहेत पण मुंगीच्या डोळ्याएवढे, काढायच्या खर्चालाही न पुरणारे. सौदे थांबवले, परत सुरू झाले तेव्हा भाव बावीस सेंट. नाताळला सहा.

लॉर्न ऑगस्टच्या शेवटी थंड पेट्या परत द्यायला दारात आला होता. पोट पुढे काढून ती उभी, तो टोपी हातात घेऊन. तिने विचारलंच. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "निकाल मला सोमवारीच कळला होता. बोलायची बंदी. पोरांना शनिवारी घरी पाठवायचं होतं, तेही सांगता येईना. म्हटलं, निदान पोटभर जेवून तरी जाऊ देत." मग टोपी डोक्यावर ठेवत, "आइसक्रीम विरघळलं नव्हतं. तुझं पॅकिंग चांगलं." ती यादी निरोपाची होती. बाबांना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "आपल्या जुन्या मुलखात लग्नाला सात तऱ्हांचे केक करतात," ते म्हणाले, "आणि माणूस गेला तरी सातच. भट्टीवाल्याला काय कळणार कशासाठी ते. तुझी काय चूक." एवढंच बोलून ते लाकडं फोडायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. आई गेली तेव्हाही ते असेच लाकडं फोडायला गेले होते, आणि तेव्हा दहा वर्षांची हिल्का खिडकीतून घाव मोजत बसली होती, कारण घाव थांबले की ते आत येतील आणि आत आले की आई खरोखरच नसेल.

पण टोचत होतं ते वेगळंच. ते तिला मागच्या हिवाळ्यात समजलं, बाबा भाड्याची खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा. त्यांचा पत्र्याचा डबा लावताना दलालाची चिठ्ठी हाती लागली. बारा हजार शेअर, तीन तुकड्यांत. दोन डॉलर एक्क्याण्णव, दोन डॉलर नव्वद, आणि सगळ्यांत वर, पहिले चार हजार, दोन डॉलर पंच्याऐंशी. तारीख त्याच गुरुवारची. ती त्या जागी तशीच बसून राहिली होती. दूध पाझरून सदरा ओला झाला तेव्हा तिला कळलं की बाळ कधीचं रडतंय. त्या दिवशी लाखांनी शेअर इकडचे तिकडे झाले असतील, हे तिला समजत होतं. विकणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला विकणारा. देशभरच्या कुणा दंतवैद्याने, कुणा शिक्षिकेने विकलेले असतील ते. दलालाला विचारलं असतं तर कदाचित सांगताही आलं असतं. तिने विचारलं नाही. दारात त्या विकलेल्या चार हजार शेअरांतून घेतलेला निळा ट्रक उभा होता. टिल्डाला शाळेत सोडायला, बाळाला टोचायला न्यायला, बाबांना दवाखान्यात न्यायला तो ट्रक. बाबा पुढच्या सीटवर बसत आणि म्हणत, "गरम होतो हो लवकर. चांगला घेतलात." आणि दर वेळी ती गिअरकडे बघे.

आज सांगायचं. उद्या नऊला विमान, म्हणजे आजच. ट्रक विकू, साडेआठ-नऊ हजार येतील, त्या विधवा बाईंना तेवढे पुरतील. तुम्ही जाऊ नका. वाक्य तिने तयार करून ठेवलं होतं. त्याची सुरुवात कुठून करायची तेवढं जमत नव्हतं, कारण ट्रक का, असं ते विचारणार. ट्रक तुमचा आहे म्हणून. कसा काय माझा? इथे ती दर वेळी अडखळत होती. तिने कार्बन सारखा केला आणि वर लिहिलं: पीठ.

बाबा बाहेर आले. हातात लोकरी मोज्यांचे तीन जोड, तिन्हींच्या टाचा रफू केलेल्या. ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी श्वास स्थिर होऊ दिला. मग वहीत डोकावले. "पीठ? राय धान्याचं लिही, काळ्या पावाचं. तुझ्या त्या पांढऱ्या पावावर मी नाताळपर्यंत मरेन."

"असं बोलू नका."

"बरं, ईस्टरपर्यंत." त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. "कॉफी दहा किलो."

"दहा? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर काय, तिथे येतोय का बघायला? लिही. वाटाणे. खारवलेलं डुकराचं मांस. कांदे, ते गोठतात, थोडेच. तंबाखू."

"तंबाखू नाही."

"मग रेडिओवर रोज माझी चौकशी करणाऱ्या कंपनीच्या पोराशी बोलू कसा? धुराशिवाय गप्पा होत नाहीत." त्यांच्या डोळ्यांत जरा खोडी आली. "स्टेक नको हं. एक जरी लिहिलास तरी गावात भाव चढेल."

ती हसली नाही. ते हसले, हसता हसता खोकला आला, आणि तो संपेपर्यंत तिने पेन्सिल घट्ट धरून ठेवली. त्यांच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या, मग निळेपणा हळूहळू उतरला. त्यांनी मोज्याने डोळे पुसले.

"बाबा, जाऊ नका," ती म्हणाली.

"जातो गं. बसून पगार मिळणारी नोकरी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच."

"तिथे तुम्हाला काही झालं तर? छातीत कळ आली, स्टोव्ह विझला, काहीही. विमान उतरू शकत नाही दोन महिने."

"इथे काय होणार नाही?" ते शांतपणे म्हणाले. "हिल्का, मी तुझ्या घरात चांगला आहे. पण मला श्वास घ्यायला एक जागा हवी आहे, तुझ्या आत्याच्या अंगणात. तेवढ्यासाठी एक हिवाळा. त्या तळ्यात माझे पैसे बुडालेत, तर निदान त्याच्या काठावर बसून थोडे वर काढतो."

आता, असं तिला वाटलं. हीच जागा. तिने वही बाजूला सरकवली. "बाबा, त्या गुरुवारी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "त्या गुरुवारी सकाळी आम्ही..."

टेबलाखालून डब्यांचा मनोरा ढासळला. टिल्डा बाहेर आली. केसांत पिठाचा पांढरा पट्टा, हातात रिकामा चहाचा डबा. तिने सगळं ऐकलं होतं, मुलं ऐकतात तसं, अर्धं खेळात आणि अर्धं नाही. ती आजोबांच्या गुडघ्यांमध्ये जाऊन उभी राहिली. त्यांना ती उक्की म्हणे.

"उक्की, तुझे पैसे पाण्यात बुडाले?"

"पाण्यात नाही गं राणी. बाजारात."

"म्हणजे हरवले?"

"हरवत नाहीत ते," बाबा म्हणाले. तिच्या केसांतलं पीठ ते अंगठ्याने झटकत होते. "तुझं दुकान आहे ना? मी तुला नाणं दिलं, तू मला डबा दिलास. घरी जाऊन बघतो तर डबा रिकामा. मग माझं नाणं कुठे गेलं?"

"माझ्याकडे."

"तसंच. डबा माझ्याकडे, नाणं कुणा दुसऱ्याकडे. त्या बिचाऱ्यालाही माहीत नसणार डबा रिकामा होता म्हणून."

टिल्डाने चहाच्या डब्यात डोकावून पाहिलं. मग आजोबांच्या तोंडाकडे. "कुणाकडे पण?"

"ते कळत नाही. बाजारात एकमेकांची तोंडं दिसत नाहीत."

बाबांनी हे अगदी सहज म्हटलं, मोजे एकात एक घालत. त्यांनी वर पाहिलं नाही. ते मुद्दाम पाहत नव्हते की नुसतेच पाहत नव्हते, हे हिल्काला सांगता आलं नसतं. बाहेर ड्वेनने ट्रक चालू केला. सामान आणायला जायचं होतं, आणि थंडीत आधी इंजिन तापवावं लागे. खिडकीची काच हलकेच घरघरू लागली. पाळण्यात बाळाने कूस बदलली. टिल्डा काही पटल्यासारखी दिसेना. तिने भुवया जुळवल्या, डबा पोटाशी धरला, आणि सगळ्या याद्या ज्या माणसाला पाठ असतात, गावात कुणी किती साखर खाल्ली ते ज्या माणसाला माहीत असतं, त्या माणसाकडे ती वळली.

"आई, उक्कीचं नाणं कुणाकडे आहे?"